काचेपलीकडचं प्रवाळ आणि फोटोतली खोली

(रौप्यमहोत्सवी वर्षानिमित्त सोसायटीच्या सभागृहात झालेल्या 'सभासदांचे छंद' या कार्यक्रमातील भाषणाचा मजकूर. पडद्यावर दाखवलेली सर्व छायाचित्रे येथे देणे शक्य झालेले नाही.)



बँकेतून निवृत्त झालेल्या माणसाला बोलायला उभं केलं की तो मुदत ठेवींचे व्याजदर सांगणार, अशी तुमची समजूत असणार. आज तसं काही होणार नाही. आज मी तुम्हाला समुद्र दाखवणार आहे, तोही चार फूट लांबीचा.

माझा मुलगा अमेरिकेत न्यू जर्सीला राहतो. त्याच्या घरी खाऱ्या पाण्याची एक टाकी आहे. तिला तिकडे रीफ टँक म्हणतात, आपण प्रवाळटाकी म्हणू. लांबी चार फूट, रुंदी दोन फूट, उंची दोन फूट. त्यात साधारण ४५० लिटर पाणी मावतं. आत खडक, वाळू, जिवंत प्रवाळं आणि आठ-दहा मासे. आम्ही दोघं सहा महिन्यांसाठी तिकडे गेलो तेव्हा बाहेर गुडघाभर बर्फ. मुलगा-सून कामावर, नात शाळेत. घरात मी, माझी पत्नी, ती टाकी आणि मुलाचा कॅमेरा. मग फोटो काढायला लागलो. त्या सहा महिन्यांत जे समजलं ते आज सांगतो. सगळा विषय एका गोष्टीभोवती फिरतो. तिला इंग्रजीत 'डेप्थ ऑफ फील्ड' म्हणतात. मी तिला साध्या मराठीत 'स्पष्टतेचा पट्टा' म्हणतो.

त्याआधी प्रवाळाबद्दल दोन शब्द. पत्रिकेतला मंगळ शांत व्हावा म्हणून आपण अंगठीत पोवळं घालतो. ते दगड नव्हे, प्राण्याचा सांगाडा आहे. प्रवाळ म्हणजे हजारो चिमुकल्या प्राण्यांची वसाहत. प्रत्येक प्राण्याला पॉलिप म्हणतात. एक तोंड, भोवती बारीक शुंडकं, बस्स. एक जिना, एक पाण्याची टाकी आणि शेजाऱ्याला चिकटलेली भिंत. म्हणजे खरं तर जगातली पहिली सहकारी गृहनिर्माण संस्था त्यांचीच! रीफ बांधणाऱ्या प्रवाळांच्या शरीरात सूक्ष्म शैवाल भाडेकरू म्हणून राहतं. ते सूर्यप्रकाशावर अन्न तयार करतं आणि त्यातलं बरंचसं मालकाला देतं. पाणी फार तापलं की हा भाडेकरू घर सोडून जातो, प्रवाळ पांढरं पडतं आणि बराच काळ तसंच राहिलं तर उपाशी मरतं. वर्तमानपत्रात 'प्रवाळांचं विरंजन' म्हणून बातमी येते ती हीच.

घरच्या काचेच्या टाकीत असा संसार उभा करण्याची कल्पना तशी जुनी. १९६१ च्या सुमाराला जकार्तातल्या ली चिन एंग या गृहस्थांनी समुद्रातले जिवंत खडक टाकीत ठेवून, नुसते हवेचे बुडबुडे सोडून ही पद्धत मांडली. आज त्याच टाकीला पंप, दिवे, तापमान राखणारी यंत्रं असतात. तापमान २५-२६ अंश सेल्सिअस आणि हजार ग्रॅम पाण्यात ३५ ग्रॅम क्षार, हा हिशोब रोज जुळवावा लागतो.

एक मुद्दा आत्ताच मिटवून टाकतो, कारण गेल्या आठवड्यात लिफ्टमध्ये दोघातिघांनी विचारलं, "काका, अशी टाकी आपल्याकडे बसवता येईल का?" पहिली गोष्ट वजनाची. ४५० लिटर पाणी म्हणजे ४५० किलो, त्यात काच, खडक, वाळू आणि स्टँड वेगळे. स्ट्रक्चरल इंजिनिअरला विचारल्याशिवाय आणि कार्यकारिणीला लेखी कळवल्याशिवाय एवढं वजन दिवाणखान्याच्या एका कोपऱ्यात ठेवू नये. दुसरी गोष्ट त्याहून महत्त्वाची. आपल्या देशात रीफ बांधणारी सर्व कठीण प्रवाळं २००१ साली वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आली. त्याच अनुसूचीत वाघ आहे. तेव्हा समुद्रातून प्रवाळ काढून आणणं किंवा तसं विकत घेणं हा साधासुधा गुन्हा नाही. तिकडे हौशी लोक आपल्या टाकीत वाढलेल्या प्रवाळाचा तुकडा कापून एकमेकांना देतात, आपण तुळशीचं रोप देतो तसा. तो तुकडा खडकावर चिकटवला की वाढायला लागतो. आपल्याकडे प्रवाळं पाहायची तर मालवणला जावं. तिथे १९८७ साली सागरी अभयारण्य जाहीर झालं. लक्षद्वीप, अंदमान, कच्छचं आखात, मन्नारचं आखात इथेही प्रवाळं आहेत. तिथून घरी आणायचा तो फक्त फोटो. म्हणून फोटो चांगला काढता आला पाहिजे.

आता मूळ विषय. भिंग एका वेळी एकाच अंतरावर अचूक बघतं. तुम्ही कॅमेरा दीड मीटरवर लावला तर दीड मीटरवरचा बिंदू फोटोत बिंदू म्हणून उमटतो. त्याच्या पुढचा आणि मागचा बिंदू मात्र लहानशी चकती होऊन उमटतो. चकती अगदी लहान असेल तर आपल्या डोळ्याला ती बिंदूच वाटते. मोठी झाली की आपण म्हणतो, 'फोटो हलला' किंवा 'धूसर आला'. ज्या अंतरापासून ज्या अंतरापर्यंत चकत्या बिंदूसारख्या दिसतात तो स्पष्टतेचा पट्टा. त्याच्या कडेला रेघ मारलेली नसते, स्पष्टता हळूहळू उतरत जाते. आणि एक लक्षात ठेवा, मोबाइलवर स्पष्ट दिसणारा फोटो भिंतीएवढा मोठा केला की त्याच चकत्या दिसायला लागतात.

आपल्या वयाच्या मंडळींना हे समजावून सांगायची गरजच नाही, आपण ते रोज जगतो. चष्मा सापडत नसला की आपण पेपर घेऊन गॅलरीत उन्हात जातो आणि अक्षरं लागतात. का लागतात? उजेडात डोळ्याची बाहुली लहान होते. भोक लहान झालं की चकत्या लहान होतात आणि पट्टा रुंद होतो. डोळे बारीक करून बसचा नंबर वाचतो तेही तेच. मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर बसवतात ते नेहमीचं भिंग एकाच अंतराला बांधलेलं असतं, तरीही भर उजेडात त्याच्या अलीकडचं-पलीकडचं बरंच दिसतं, त्याचंही कारण लहान बाहुली.

तुमच्यापैकी अनेकांच्या घरी एके काळी आगफा क्लिक थ्री असेल. शाळेच्या सहली, मुंजी, लग्नं, सगळं त्यावर. त्याला फोकस फिरवायची सोयच नव्हती, तरी काही फुटांपासून लांबच्या डोंगरापर्यंत सगळं बऱ्यापैकी यायचं. कारण भोक लहान. म्हणूनच तो कॅमेरा उन्हात राजा आणि घरात भिकारी.

कॅमेऱ्यातल्या या भोकाला ॲपर्चर म्हणतात आणि त्याचं माप एफ-क्रमांकात असतं: २, २.८, ४, ५.६, ८, ११, १६. इथे बहुतेकांचा गोंधळ होतो, कारण आकडा मोठा तर भोक लहान. भिंगाच्या नाभीय अंतराला भोकाच्या व्यासाने भागलं की हा आकडा मिळतो. ५० मिलिमीटरच्या भिंगाला एफ/२ वर २५ मिलिमीटरचं भोक, एफ/८ वर सव्वासहा मिलिमीटरचं. ही अपूर्णांकाची खालची बाजू आहे, एवढं ध्यानात ठेवलं की गोंधळ संपतो.

पट्टा रुंद हवा तर भोक लहान करा, इतकं सोपं असतं तर मी इथे उभा राहिलो नसतो. या मालिकेत एक पायरी पुढे गेलात की उजेड निम्मा होतो. एफ/४ वरून एफ/१६ वर जायला चार पायऱ्या, म्हणजे उजेड सोळा पटींनी कमी. बँकेत आयुष्य गेलेल्या माणसाला हे लगेच कळतं: एका खात्यात जमा, तर दुसऱ्या खात्यात नावे. खाती तीन. ॲपर्चर, शटरचा वेळ आणि आयएसओ म्हणजे कॅमेऱ्याची संवेदनशीलता. उजेडाचं भांडवल ठरलेलं. पट्टा वाढवला की शटर जास्त वेळ उघडं ठेवा, मग मासा हलून पुसट येतो. नाहीतर आयएसओ वाढवा, मग फोटोत वाळूसारखे कण दिसतात. फुकट काही नाही. भोक फारच लहान केलं, एफ/२२ वगैरे, तर प्रकाशाचं विवर्तन होऊन सगळाच फोटो थोडा मऊ पडतो. म्हणजे ओव्हरड्राफ्टलाही मर्यादा आहे!

दुसरी गोष्ट जवळिकीची. जितकं जवळ जाल, म्हणजे वस्तू जितकी मोठी टिपाल, तितका पट्टा झपाट्याने आक्रसतो. छत्तीस मिलिमीटर रुंद सेन्सरचा कॅमेरा आणि एफ/८ धरून मी हिशोब केला. पूर्ण चार फुटी टाकी फोटोत घेतली तर पट्टा साधारण ५५ ते ६० सेंटिमीटर. वस्तू दहापट लहान उमटत असेल तर पाच सेंटिमीटर. निम्म्या आकारात उमटत असेल तर तीन मिलिमीटर. आणि जितकी आहे तितकीच उमटत असेल तर जेमतेम एक मिलिमीटर! एका पॉलिपचं तोंड स्पष्ट आलं तर शुंडकाचं टोक धूसर. कॅमेरा बिघडलेला नाही, निसर्गाचा नियमच तसा आहे.

या हिशोबात पाणी आपल्या बाजूने एक सवलत देतं. बादलीत पडलेलं नाणं वर आल्यासारखं दिसतं ना? तसंच टाकीचं. समोरून बघताना पाण्यातलं अंतर सुमारे पाऊणपट दिसतं. दोन फूट, म्हणजे ६१ सेंटिमीटर रुंदीची टाकी कॅमेऱ्याला ४६ सेंटिमीटरचीच वाटते. म्हणून एफ/८ वर पुढच्या काचेपासून मागच्या भिंतीपर्यंत सगळी टाकी पट्ट्यात बसते.

पण काचेलाही स्वभाव आहे. कॅमेरा काचेशी काटकोनात धरला तर ती निमूट बसते. तिरपा धरला की काच आणि पाणी मिळून किरण वाकवतात, कडांना रंगीत झालर येते आणि कितीही फोकस करा, स्पष्टता येत नाही. एफ-क्रमांक बदलून हा दोष जात नाही. वरचं टिपायचं तर कॅमेरा वर न्यावा, खालचं टिपायचं तर स्वतः खाली बसावं. गुडघ्यांची तक्रार असेल तर पाटाऐवजी स्टूल घ्यावं. आपलं तारापोरवाला मत्स्यालय १९५१ साली सुरू झालं, तिथे आपण सगळे गेलेलो आहोत. तिथे गर्दीत बाजूने काढलेले जुने फोटो असतील तर घरी जाऊन बघा, हाच प्रकार दिसेल.

बाकी तयारी थोडक्यात. काच आतून-बाहेरून स्वच्छ पुसावी. खोलीतले दिवे आणि टीव्ही बंद. अंगात गडद कपडे, नाहीतर फोटोत प्रवाळाऐवजी आपला पांढरा बनियन येतो. कॅमेऱ्यावरचा फ्लॅश बंद, तो काचेवरून उलट आपल्यावरच येतो. कॅमेरा तिकाटण्यावर. दहा मिनिटं पंप बंद करावेत म्हणजे प्रवाळं डोलायची थांबतात आणि पाण्यातले कण खाली बसतात. दहा मिनिटं झाली की पंप आठवणीने सुरू करावेत, कारण वाहतं पाणी हा त्या जिवांचा श्वास आहे. टाकीचे दिवे निळसर असतात, त्यामुळे सगळं निळंशार येतं. दिव्याचा पांढरा भाग वाढवावा किंवा कॅमेऱ्यात रंगसंतुलन हाताने ठरवावं. मोबाइलवाले भिंगापुढे नारिंगी-पिवळा फिल्टर लावतात.

आता एवढा हिशोब कशासाठी, ते सांगतो. दर रविवारी सकाळी मी त्याच त्या प्रवाळांचे फोटो काढत असे. पासबुकात नोंद करावी तसे. त्यात मॉन्टिपोरा जातीची पाच प्रवाळं होती. ही जात आडव्या ताटलीसारखी वाढते, झाडावर उगवणाऱ्या भूछत्राच्या फळीसारखी. एफ/४ वर त्यांचे फोटो देखणे यायचे. पुढची केशरी कड धारदार आणि मागे सगळं दुधाळ. नातीला तेच आवडायचे. पण हिशोबाने त्या फोटोत पट्टा जेमतेम सहा मिलिमीटरचा. ताटलीच्या कडेमागे काय चाललंय ते फोटो सांगत नव्हता.

एका रविवारी त्यातल्या एका ताटलीची कड जरा फिकट वाटली. मी कॅमेरा खाली घेतला, भिंग काचेशी काटकोनात ठेवलं आणि एफ/१६ लावला. एफ/४ ला एक साठांश सेकंद पुरत होता, आता पाव सेकंद लागला. पंप बंद, प्रवाळ स्थिर, त्यामुळे पाव सेकंद चालला. पट्टा साधारण एक इंचाचा झाला. फोटो मोठा करून बघितला तर ताटलीच्या खालच्या बाजूला, कडेपासून आत, साबुदाण्याच्या चुऱ्यासारखे पांढरे ठिपके. मुलाला संध्याकाळी दाखवलं. तो बघताच म्हणाला, "बाबा, ही न्युडिब्रँक आहे." ही एक बिनशंखाची चिमुकली गोगलगाय. मॉन्टिपोरा हेच तिचं अन्न. काही मिलिमीटरची, पांढरी, दिवसा खालच्या बाजूला लपणारी. नुसत्या डोळ्याला सहज सापडत नाही.

त्याच रात्री पाचही ताटल्या बाहेर काढल्या. औषधी द्रावणात बुडवल्या, अंडी ब्रशने खरवडली. द्रावणाने गोगलगाय मरते, अंडी मरत नाहीत, म्हणून आठवड्या-आठवड्याने तेच पुन्हा करावं लागलं. दोन ताटल्या गेल्या. तीन वाचल्या. त्यातली सर्वांत जुनी मुलाने सात वर्षांपूर्वी नखाएवढ्या तुकड्यापासून वाढवली होती. ती वाचली त्या दिवशी माझा एरवी अबोल असलेला मुलगा बराच वेळ टाकीपुढे बसून होता. आणखी दोन आठवडे गेले असते तर काय झालं असतं ते त्यालाही ठाऊक होतं, मलाही.

म्हणून मी सांगतो, देखणा फोटो आणि उपयोगी फोटो या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. धूसर मागची बाजू सुंदर असते, पण काय धूसर करायचं हे आपण ठरवलेलं असावं, कॅमेऱ्याने परस्पर ठरवलेलं नसावं. दोन्ही हवं असेल तर दोन्ही फोटो काढावेत.

स्थिर प्रवाळासाठी आणखी एक युक्ती आहे. फोकस थोडा थोडा मागे सरकवत दहा-वीस फोटो काढायचे आणि संगणकावर प्रत्येकातला स्पष्ट भाग घेऊन एक फोटो बनवायचा. याला फोकस स्टॅकिंग म्हणतात. माशांना हे लागू नाही, ते थांबत नाहीत. माशासाठी निदान १/१२५ सेकंदाचा शटर हवा, म्हणजे भोक मोठं, म्हणजे पट्टा अरुंद. मग काय करायचं? मासा काचेला समांतर येईपर्यंत वाट बघायची. तो आडवा आला की डोळ्यापासून शेपटीपर्यंत सगळा त्याच पट्ट्यात असतो. फोकस डोळ्यावर. डोळा स्पष्ट असला की बाकीचं माणूस माफ करतो. बालदोस्तांनो, तुमचा निमो म्हणजे क्लाऊनफिश यात सर्वांत सोपा. तो आपलं समुद्रफूल सोडून लांब जात नाही, पुन्हा पुन्हा त्याच जागी येतो. तिथे फोकस लावून बसायचं. मासा येतो, घाई आपल्यालाच असते.

मोबाइलचं विचाराल तर त्याचं भोक आकड्याने मोठं, एफ/१.८ वगैरे, पण सेन्सर नखाएवढा आणि नाभीय अंतर काही मिलिमीटरच. त्यामुळे पट्टा आपोआप रुंद मिळतो. टाकीसाठी ती सोयच आहे. पडद्यावर बोट दाबून धरलं की फोकस तिथे थांबतो. पोर्ट्रेट मोडमधली धूसर पार्श्वभूमी भिंगाची नसते, ती गणिताने रंगवलेली असते. माणसाच्या डोक्याभोवती ते जमतं, शुंडकांच्या जंगलात त्याची त्रेधा उडते.

आता आपल्या घरचं. रविवारी सकाळी गच्चीवर सर्व सभासदांचा रौप्यमहोत्सवी फोटो काढायचा आहे, तीन रांगांत. असे समूहफोटो तुम्ही लग्नांत पाहिलेत. पुढच्या खुर्च्यांवरची मंडळी लख्ख आणि मागे बाकावर उभी राहिलेली धूसर. ५० मिलिमीटरच्या भिंगाने तीन मीटरवर, एफ/१.८ ला पट्टा फक्त ४० सेंटिमीटरचा, म्हणजे एकच रांग. एफ/८ ला सुमारे एक मीटर नव्वद सेंटिमीटर. त्यातला साधारण एक तृतीयांश फोकसच्या पुढे आणि दोन तृतीयांश मागे असतो. (अगदी जवळच्या फोटोत तो निम्मा-निम्मा होतो.) आपण सगळे मावायला फोटोग्राफर आणखी मागे जाईल, त्यामुळे पट्टा अजून वाढेल. तेव्हा त्याला दोनच गोष्टी सांगायच्या: एफ/८ ठेव आणि फोकस मधल्या रांगेवर घे.

मागच्या रांगेत आपले वॉचमन, सफाई कामगार, लिफ्टमन उभे राहणार आहेत. पंचवीस वर्षांत त्यांनीच आपल्याला सांभाळलं. पन्नासाव्या वर्षी कोणी ही स्मरणिका उघडली तर त्यांचेही चेहरे ओळखू यायला हवेत. त्यासाठी भोक थोडं लहान करावं लागेल आणि सगळ्यांनी क्षणभर न हलता उभं राहावं लागेल, एवढंच.

कोणाला कॅमेरा किंवा मोबाइल घेऊन हे करून बघायचं असेल तर शनिवारी संध्याकाळी माझ्याकडे जरूर या. चहा आहेच.